बरोबर उत्तराचे पाप

नववीच्या वर्गातील बेचाळीस मुलांपैकी नऊ मुलांनी गेल्या पावसाळ्यात मला बरोबर उत्तर लिहून आणले, आणि त्या नऊही वह्यांवर मी लाल शाईची फुली मारली. उरलेल्या तेहतीस मुलांपैकी एकाचेही उत्तर पुस्तकाशी जुळत नव्हते. त्यांना मी पुरे गुण दिले. नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे आमचे नायगाव तालुक्याचे ठिकाण आहे खरे. परंतु बातमी पसरण्याच्या बाबतीत ते अजून खेडेच आहे. दुसऱ्याच दिवशी एक पालक मुख्याध्यापकांच्या खोलीत येऊन उभे राहिले. हातात मुलाची वही. म्हणाले, "गुरुजी, पुस्तकात ३.१४ आहे, लेकरानं ३.१४ लिहिलं, अन् तुम्ही फुली मारली? अन् त्या अमक्याच्या पोरीनं २.६ लिहिलं तर तिला पैकीच्या पैकी? हा कुठला न्याय?"

त्या दिवशी मी त्यांना जे उत्तर दिले ते अपुरे होते. माणूस रागात असताना गणित समजावून सांगू नये, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. म्हणून ते उत्तर येथे सावकाश देतो. दिवाळीच्या अंकात गणित कशाला, असे कोणी म्हणेल. माझे गणित मॅट्रिकपाशी थांबले. पुढे मी कादंबऱ्या लिहिल्या. तेव्हा वाचकाला भिववणारे काही माझ्यापाशी नाही. शिवाय हा लेख जितका गणिताविषयी आहे तितकाच खोटे बोलण्याविषयी आहे, आणि तो विषय तर सर्वांच्याच परिचयाचा.

आधी प्रकार काय झाला तो सांगितला पाहिजे. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर, ज्याला आपण पाय म्हणतो, ते मुलांना शिकवायचे होते. दरवर्षी हा पाठ दोन मिनिटांत उरकतो. फळ्यावर २२/७ लिहायचे, खाली ३.१४ लिहायचे, आणि उदाहरणे सुरू करायची. यंदा मी ठरवले की ही संख्या मुलांनी स्वतः शोधून काढावी. तीही दोरीने बांगडी मोजून नव्हे, तर नशिबाच्या हातून.

युक्ती जुनी आणि सोपी आहे. जमिनीवर खडूने एक चौरस काढा आणि त्याच्या चारही बाजूंना टेकेल असे वर्तुळ त्यात काढा. वर्तुळाने चौरसाचा जेवढा भाग व्यापला आहे, त्याची चौपट म्हणजे पाय. आता या चौरसावर ज्वारीचे दाणे पाऊस पडावा तसे सारखे पडू द्या. शंभर दाण्यांपैकी किती वर्तुळात पडले ते मोजा, त्याला चाराने गुणा आणि शंभराने भागा. अठ्ठ्याहत्तर पडले तर ३.१२, एकोणऐंशी पडले तर ३.१६. दाण्याला भूमिती येत नाही, तरी तो पायची किंमत सांगून जातो.

सांगायला हे फार गोड वाटते. करायला गेलो तेव्हा फसलो. मुलांनी मुठीमुठीने दाणे टाकले आणि चारही वेळा उत्तर साडेतीनच्या आसपास आले. कारण उघड होते. टाकणारा चौरसासमोर उभा राही आणि त्याचा हात नकळत मध्याकडे जाई. कोपरे उपाशी राहत, वर्तुळ तुडुंब भरे. मुलांना वाटले, आपण अगदी बेफिकीरपणे टाकतो आहोत. हाताला मात्र आवडनिवड होती. त्या दिवशीचा खरा धडा हाच झाला. यदृच्छा म्हणजे मनमानी नव्हे. वाटेल तसे करणे सोपे आहे. कोणाचीही आवड आड येणार नाही असे करणे अवघड आहे, आणि त्यासाठी शिस्त लागते.

ती शिस्त आम्ही दुसऱ्या दिवशी आणली. शून्य ते नऊ असे आकडे लिहिलेल्या दहा चिठ्ठ्या एका गाडग्यात टाकायच्या. एक काढायची, आकडा लिहायचा, चिठ्ठी परत टाकून गाडगे हलवायचे, पुन्हा काढायची. पहिले तीन आकडे म्हणजे आडवे अंतर, पुढचे तीन म्हणजे उभे अंतर. आलेखाच्या कागदावर दहा सेंटिमीटरचा चौरस काढायचा; त्याच्या एका कोपऱ्यावर कंपासाचे टोक ठेवून, चौरसाच्या बाजूएवढी त्रिज्या घेऊन पाव वर्तुळ काढायचे; आणि चिठ्ठ्यांनी सांगितलेल्या जागी टिंब द्यायचे. टिंब कमानीच्या अगदी काठावर आले तर दोन्ही संख्यांचे वर्ग करून बेरीज घ्यायची. ती दहा लाखांच्या आत असेल तर टिंब आत, नाहीतर बाहेर. प्रत्येकाने घरी वीस टिंबे काढून आणायची. आत पडलेली टिंबे भागिले वीस, गुणिले चार, एवढेच उत्तर.

आता वाचकांनी क्षणभर थांबून हिशेब करावा. टिंबे वीस. एक टिंब आत पडले की उत्तरात ०.२ ची भर पडते. म्हणजे या प्रयोगातून ३.० निघू शकते, ३.२ निघू शकते, २.६ किंवा ३.८ सुद्धा निघू शकते, परंतु ३.१४ निघूच शकत नाही. पंधरा टिंबे आत पडली तर तीन, सोळा पडली तर तीन पूर्णांक दोन. मध्ये जागाच नाही. आणि नऊ वह्यांत स्वच्छ अक्षरात लिहिले होते : ३.१४.

त्या नऊ मुलांनी गाडगे हलवलेच नव्हते. कोणी चार-दोन टिंबे काढून सोडून दिली होती, कोणी टिंबे काढली होती परंतु ती मोजली नव्हती. उत्तर ठाऊक असताना प्रयोग कशाला करायचा, हा त्यांचा साधा हिशेब होता. आणि ज्या मुलीने २.६ लिहिले होते ती वही लपवून बसली होती. "सर, माझं चुकलंय, मी पुन्हा करून आणू का?" असे तिने हळूच विचारले. मी तिची टिंबे मोजली. आत तेरा, बाहेर सात. सव्वीस दशांश. काहीही चुकले नव्हते. वीस टिंबांत इतका फरक पडायचाच. तेरा काय, एखाद्याची एकोणीसही आत पडतात, आणि एका मुलाची पडलीही होती. हिशेब असे सांगतो की वीस वीस टिंबांनी निम्म्याहून अधिक मुलांची उत्तरे ३.० आणि ३.२ या जवळच्या घरांच्याही बाहेर पडायची. त्या मुलीला आपल्या खऱ्या कामाची लाज वाटत होती आणि नऊ जणांना आपल्या खोट्याची वाटत नव्हती. हे आम्ही शिक्षकांनी घडवले आहे. माझे भांडण मुलांशी नाही; ते येथे आहे.

नऊ जणांनी दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर गाडगे हलवून टिंबे काढली. मग आम्ही सगळ्या वर्गाची टिंबे एकत्र केली. बेचाळीस गुणिले वीस, एकूण ८४०. आत पडली ६५२. उत्तर आले ३.१०. ८४० टिंबांच्या अशा प्रयोगात तीनातून दोन वेळा उत्तर खऱ्या किमतीच्या सुमारे सहा शतांश इकडे-तिकडे पडते; आमचे चार शतांशांनी चुकले. म्हणजे २.६ लिहिणाऱ्या मुलीची सात बाहेरची टिंबे आणि ३.८ लिहिणाऱ्या मुलाची एकोणीस आतली टिंबे यांनी एकमेकांना सावरले आणि वर्ग खऱ्याच्या जवळ गेला. तिने लाजेने आपले उत्तर बदलले असते तर? त्या ८४० टिंबांतली वीस खोटी झाली असती, आणि कोणती वीस ते कोणालाच कळले नसते.

येथे एक गोष्ट आपल्या पूर्वजांविषयी सांगतो, कारण अलीकडे त्यांचे नाव घेण्याची हौस फार आहे आणि त्यांचा गुण घेण्याची कमी. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये वीस हजार व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ सांगितला. भागाकार केला तर ३.१४१६ येते. पण त्याहून मोठी गोष्ट ही की त्याने या किमतीला 'आसन्न' म्हटले. म्हणजे जवळची, नेमकी नव्हे. भास्कराचार्याने ११५० च्या सुमारास लीलावतीत दोन किमती दिल्या. ३९२७/१२५० ही सूक्ष्म आणि २२/७ ही स्थूल, व्यवहारापुरती. त्याच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापला होता. त्याचा शिलालेख आहे. साडेआठशे वर्षांपूर्वी ज्या संख्येला भास्कराचार्य स्पष्टपणे स्थूल म्हणतो, तिलाच आम्ही आज फळ्यावर 'पाय बरोबर २२/७' असे लिहितो. पुस्तकात 'अंदाजे' हा शब्द छापलेला असतो. फळ्यापर्यंत येताना तो गळतो, आणि वहीत उतरताना त्याची आठवणही राहत नाही. कोणताही अपूर्णांक पायएवढा असू शकत नाही, हे लँबर्ट या गणितज्ञाने अठराव्या शतकातच सिद्ध केलेले आहे. आम्ही ३.१४ ला देव केले आणि 'आसन्न' या शब्दाला देशोधडीला लावले.

नशिबाच्या हातून पाय काढण्याची कल्पना बुफाँ नावाच्या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाची. १७७७ साली त्याने ती छापून प्रसिद्ध केली. समान अंतरावर रेघा असलेल्या जमिनीवर एक सुई टाकावी. ती रेघेवर पडण्याची शक्यता किती? सुईची लांबी रेघांमधील अंतराच्या निम्मी असेल तर उत्तर येते, पायमध्ये एक. म्हणजे एकूण फेका भागिले रेघेवर पडलेल्या फेका, बस्स, पाय हाती आला. सरळ सुई आणि सरळ रेघा यांत वर्तुळ कोठून शिरले, असा प्रश्न पडतो. ते सुईच्या फिरण्यात असते. सुई कोणत्याही दिशेला तोंड करून पडू शकते, आणि सगळ्या दिशा मिळूनच वर्तुळ होते.

या सुईच्या इतिहासात आमच्या नऊ वह्यांचा एक थोरला भाऊ आहे. १९०१ साली लात्सारिनी नावाच्या इटालियन गृहस्थाने जाहीर केले की आपण ३४०८ वेळा सुई टाकली, ती १८०८ वेळा रेघेवर पडली आणि पायची किंमत ३.१४१५९२९ निघाली. कोटीतल्या तीन भागांहूनही कमी चूक! वास्तविक एवढ्या फेकांत पाच शतांशांची चूक होणे हीच सर्वसाधारण गोष्ट. मग खोदून पाहणाऱ्यांनी हिशेब मांडला. त्याची सुई रेघांतील अंतराच्या पाच षष्ठांश होती. ३४०८ म्हणजे २१३ ची सोळा पट, आणि १८०८ म्हणजे ११३ ची सोळा पट. ही माप आणि ही संख्या घेतली की उत्तर नेमके ३५५/११३ येते, जो अपूर्णांक चीनमधील त्सू चुंगची या गणितज्ञाला पाचव्या शतकातच ठाऊक होता. सुई एकदा कमी, म्हणजे १८०७ वेळा रेघेवर पडली असती, तर उत्तर ३.१४३३ झाले असते आणि सारी शोभा गेली असती. गृहस्थाने आकडे बनवले, की हवे ते उत्तर येईपर्यंत टाकत राहून बरोबर तेथे हात आवरला, हे तोच जाणे. परंतु उत्तर इतके बरोबर होते की ते खरे मानणे अवघड होऊन बसले. वह्या तपासणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने ही कथा पाठ करावी.

"हे सारे खेळ आहेत," असे मला एका सहकाऱ्याने सुनावले. "एका सेकंदात यंत्र पाय काढून देते. लेकरांकडून चिठ्ठ्या कशाला काढवता?" पाय काढण्यासाठी ही पद्धत वाईट आहे, हे मी आनंदाने मान्य करतो. चूक निम्मी करायची तर टिंबे चौपट लागतात; दशांशाचे एक घर पुढे जायचे तर शंभरपट. २२/७ आणि खरा पाय यांतला फरक चिठ्ठ्यांनी पकडायचा म्हटले तर सत्तर लाखांच्या जवळपास टिंबे काढावी लागतील. पण १९४६ साली आजारातून उठलेला स्टॅनिस्लाव उलाम हा गणितज्ञ एकट्याने पत्ते खेळत बसला होता. डाव सुटण्याची शक्यता कागदावर काढता येईना, तेव्हा त्याच्या मनात आले की शंभर डाव मांडून किती सुटतात ते मोजावे. त्यातूनच पुढे अणुबाँबच्या कामातील न सुटणारी गणिते सोडवण्याची रीत उभी राहिली. जुगाराच्या गावावरून तिचे नाव पडले मॉन्टे कार्लो, आणि १९४९ साली मेट्रोपोलिस व उलाम यांनी त्याच नावाचा निबंध प्रसिद्ध केला. आज जेथे जेथे हिशेब हाताबाहेर जातो तेथे तेथे यंत्रे आमच्या गाडग्याचेच काम करतात. पाय हे केवळ तालमीचे उदाहरण. उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे आपण किती चुकतो ते तेथे तपासता येते. कुस्ती पुढे असते, आणि ती उत्तर ठाऊक नसलेल्या ठिकाणी असते.

आमच्याकडे ती कुस्ती शेतात चालते. त्या पालकांना मला हेच सांगायचे होते.

पूर्वी पीक किती आले हे नजरेने ठरे. गावाचे पीक सोळा आण्यांपैकी किती आणे, हे बांधावर उभे राहून सांगितले जाई. आणि बांधावर उभा असलेल्या माणसाची नजर, आमच्या मुलांच्या हाताप्रमाणेच, तिला आवडेल तेथे जाई. ही आणेवारीची नजर बाजूला सारून चिठ्ठीला मान देण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत एक मराठी माणूस अग्रभागी आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे. त्यांनी १९४० च्या दशकात दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत राहून पीक कापणी प्रयोगांची शास्त्रशुद्ध पद्धत बसवली; वि. गो. पानसे यांच्यासह १९५४ साली लिहिलेले त्यांचे संख्याशास्त्राचे पुस्तक कृषी महाविद्यालयांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस लहान लहान गोल तुकडे कापून अंदाज घेत; सुखात्म्यांचा आक्षेप असा होता की तुकडा लहान असला की काठावरची ताटे कापणाऱ्याच्या हातून आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगते. पाहा, येथेही वर्तुळाचा काठ, आणि येथेही हाताची आवडनिवड!

पीक कापणी प्रयोगात शेत चिठ्ठीने, म्हणजे यादृच्छिक आकड्यांच्या कोष्टकाने, निवडतात. शेतात गेल्यावरही वाटेल तेथे विळा घालायचा नसतो. एका कोपऱ्यापासून लांबीत इतकी पावले, रुंदीत इतकी पावले, हेही त्या आकड्यांनीच सांगायचे असते. तेथे ठरावीक मापाचा तुकडा आखायचा. दहा मीटर बाय पाच मीटर धरला तर तो हेक्टराचा दोनशेवा भाग होतो. तेवढेच पीक कापायचे, मळायचे, तोलायचे. आडवे अंतर, उभे अंतर, आणि एक टिंब! माझ्या नववीच्या मुलांनी आलेखाच्या कागदावर जे केले तेच हे. फरक इतकाच की त्या टिंबांवर पायची किंमत ठरते, या टिंबांवर शेतकऱ्याची.

२०१६ पासून चालू असलेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत मागल्या सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून उंबरठा उत्पादन निघते. यंदाचे, कापणी प्रयोगांनी काढलेले सरासरी उत्पादन त्याहून जितके कमी, तितक्या प्रमाणात भरपाई. समजा, एखाद्या महसूल मंडळाचे सोयाबीनचे उंबरठा उत्पादन हेक्टरी हजार किलो आहे. अतिवृष्टीने पीक झोपले. दहा प्रयोग झाले, आणि दहाही खरे झाले असते तर सरासरी सहाशे किलो आली असती. म्हणजे विमा रकमेच्या चाळीस टक्के भरपाई. परंतु दहांपैकी तीन आकडे कोणी घरी बसून 'नेहमीसारखे', बाराशे किलो, लिहिले. सरासरी झाली सातशे ऐंशी. भरपाई बावीस टक्के. तीन वह्यांतल्या ३.१४ ने मंडळातल्या प्रत्येक शेतकऱ्याची निम्म्याच्या आसपास भरपाई खाल्ली, आणि खाणाऱ्याला एक पैसा मिळाला नाही. त्याला फक्त चिखलात जायचे नव्हते.

हे मी हवेत बोलत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याच शेतात असा प्रयोग आला. आकड्यांनी जागा सांगितली ती शेताच्या सखल अंगाला, जेथे पाणी तुंबून सोयाबीन पिवळे पडले होते. काळ्या मातीचा चिखल गुडघ्यापर्यंत. आलेला माणूस वाईट नव्हता, दिवसभर हिंडून थकलेला होता. तो म्हणाला, "तिकडं कुठं जाता, इथं वरच्या अंगाला घेऊ की." आणि वरच्या अंगाला, जेथे पीक उभे होते, तेथे दोरी ताणली गेली. मी काय केले? मी त्याला चहा पाजला. वीस वर्षे गणित शिकवणाऱ्या मला तेव्हा सुचलेही नाही की माझ्या बांधावर आत्ता एक टिंब खोटे पडते आहे, आणि त्याची किंमत माझ्या एकट्याच्या नव्हे तर मंडळातल्या सगळ्यांच्या खिशातून जाणार आहे. न सुचण्याचे कारण मला ठाऊक आहे. शाळेत असताना दोरीने बांगडी मोजून माझे उत्तर ३.३ आले होते. मी ते खोडून ३.१४ केले होते, आणि मला शाबासकी मिळाली होती.

आता आक्षेप घेतो. पहिला आक्षेप त्या पालकांचा. परीक्षेत ३.१४ लिहावे लागते, मग लेकराला दुसरे का शिकवता? परीक्षेत 'पाय ३.१४ घ्या' असे सांगितलेले असते; तेथे खुशाल घ्यावे. ती उधार घेतलेली किंमत आहे आणि उधारी उघड आहे. पण 'तू मोजलेस ते सांग' असे विचारल्यावर उधारीचा माल स्वतःचा म्हणून दाखवणे ही चोरी आहे.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो जड आहे. "मंडळात दहा तुकडे कापून माझ्या शेताचे काय कळणार?" काहीच कळणार नाही. चिठ्ठीने निवडलेले दहा तुकडे मंडळाची सरासरी सांगतात, तुझ्या बांधाआतले दुःख सांगत नाहीत. आणि जो त्यावरून ते सांगतो असा आव आणील तो फसवतो आहे. पण म्हणून चिठ्ठी टाकून पुन्हा नजरेकडे जाणे हा उपाय नव्हे. नजर कोणाच्या बाजूला वळते हे आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिले आहे. उपाय दोन. तुकडे वाढवणे, चूक निम्मी करायची तर दहाचे चाळीस, हे आम्ही टिंबांवरून शिकलोच. आणि कापणीच्या वेळी गावाने हजर राहणे. आकड्यांनी कोणती जागा सांगितली हे विचारावे, पावले मोजावीत, आणि जागा चिखलात आली तर चिखलात उतरावे. चहा नंतर पाजावा.

तिसरा आक्षेप नव्या माणसांचा. आता मोबाईलवर छायाचित्रासह नोंद होते, आकाशातून उपग्रह पाहतो. माणसाच्या खरेपणाची गरज काय? उपग्रहाला हिरवे आणि पिवळे दिसते, शेंगेतला दाणा तोलता येत नाही. त्याच्या अंदाजाचा ताळा जमिनीवर कापलेल्या तुकड्याशीच घ्यावा लागतो. तुकडा खोटा असेल तर उपग्रह ते खोटे अधिक उंचावरून बोलेल, इतकेच. छायाचित्र दोरीचे निघते. दोरी ताणण्यापूर्वी जागा बदलली हे त्यात दिसत नाही.

तात्पर्य, माझी मागणी साधी आहे. प्रयोगाच्या वहीला गुण उत्तरावरून देऊ नका. टिंबे मोजून द्या. वर्गातल्या सगळ्यांची उत्तरे एकसारखी आली तर शाबासकी देण्याऐवजी काळजी करा. आणि प्रत्येक उत्तरापुढे 'किती इकडे-तिकडे' हे लिहायला लावा. आर्यभटाला त्याची लाज वाटली नाही, आपल्याला का वाटावी? ही मुले उद्या तलाठी होतील, कृषी खात्यात जातील, दवाखान्यात नोंदी ठेवतील. त्यांच्या हातात आपण आज जी वही देतो, तीच ते पुढे चालवणार आहेत.

ते पालक नंतर मला बाजारात भेटले. राग उतरला होता. म्हणाले, "पोरगं रोज गाडगं हलवत बसतंय. दोनशे टिंबं झाली म्हणतंय." मी विचारले, उत्तर किती आले? म्हणाले, "३.०८. आता हे तरी बरोबर धरता का नाही?" धरले.

वाचकहो, दिवाळीत दुपारचा फराळ झाला की घरातली मंडळी सुस्तावतात. घरात शहाबादी फरशी असेल तर खराट्याची एक काडी फरशीच्या रुंदीच्या निम्मी तोडून घ्या. डोळे दुसरीकडे करून ती उंचावरून टाका, आणि फक्त आडव्या सांध्यांकडे पाहून ती सांध्यावर पडली की नाही ते लिहा. आजीने पन्नास टाकाव्यात, लेकरांनी पन्नास, सुनेने आणि जावयानेही पन्नास-पन्नास. एकूण फेकांना सांध्यावर पडलेल्या फेकांनी भागा. उत्तर २.९ आले, ३.४ आले, तर मला पत्राने जरूर कळवा. मी ते मुलांना वाचून दाखवीन. ३.१४ आले तर मात्र काडी कितीदा टाकली आणि सांध्यावर कितीदा पडली तेही लिहा. मी ताळा करून पाहणार आहे.